विश्लेषण : लातूरला पहिली रेल्वे देणारे कॅलथ्रॉप कोण होते? ‘वंदे भारत’च्या चर्चेत ‘बार्शी लाइट’ का आठवावी?

लातूरजवळच्या हरंगुळ येथील मराठवाडा रेल्वे कोच कारखान्यातून ‘वंदे भारत’ची शयनयान गाडी कधी बाहेर पडणार, ती १६ डब्यांची असेल की २४, आणि त्यातली एखादी लातूरच्या वाट्याला येणार का, या प्रश्नांवर जिल्ह्यात गेली काही वर्षे चर्चा सुरू आहे. नांदेडला मुंबईची ‘वंदे भारत’ ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्यापासून लातूरकरांच्या अपेक्षा आणखी वाढल्या.

नव्या गाडीचे मॉडेल कसे असेल याबद्दल अंदाज बांधण्याची ही लातूर परिसराची पहिली वेळ नाही. सव्वाशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यासाठी एका इंग्रज इंजिनीअरने पूर्णपणे वेगळ्या धाटणीचे इंजिन आणि डबे तयार करून घेतले होते. त्यांचे नाव एव्हरार्ड रिचर्ड कॅलथ्रॉप. ‘बार्शी लाइट’ या नावाने तीन-चार पिढ्यांच्या आठवणीत राहिलेली छोटी रेल्वे ही त्यांची कल्पना. पुढे याच माणसाने वैमानिकांचे प्राण वाचवणारी हवाई छत्री बनवली आणि त्यापायी आपली पुंजी घालवली.

कॅलथ्रॉप कोण होते?

कॅलथ्रॉप यांचा जन्म ३ मार्च १८५७ रोजी इंग्लंडमध्ये एका शेतकरी कुटुंबात झाला. भावंडांत ते थोरले. त्यांचे एक धाकटे बंधू सर गाय कॅलथ्रॉप पुढे लंडन अँड नॉर्थ वेस्टर्न या मोठ्या रेल्वे कंपनीचे जनरल मॅनेजर झाले.

शालेय शिक्षण संपल्यावर एव्हरार्ड यांनी रॉबर्ट स्टीफन्सन अँड कंपनी या इंजिन बनवणाऱ्या कारखान्यात काम सुरू केले. १८७४ मध्ये ते क्रू येथील रेल्वे कारखान्यात उमेदवारीला लागले. १८७९ मध्ये ते ग्रेट वेस्टर्न रेल्वेत गेले आणि तिथे डबे व वाघिणी बांधण्याच्या विभागात वरच्या पदापर्यंत पोहोचले. इंजिन आणि डबे या दोन्ही बाजूंचा हात बसलेला असल्याचा उपयोग त्यांना पुढे भारतात झाला.

१८८२ मध्ये ते ग्रेट इंडियन पेनिन्सुला म्हणजे ‘जीआयपी’ रेल्वेत लोकोमोटिव्ह इन्स्पेक्टर म्हणून रुजू झाले. त्या वेळी त्यांचे वय होते २५ वर्षे.

बार्शीचीच निवड का झाली?

जीआयपीचा मुंबई–सोलापूर मार्ग बार्शी गावापासून सुमारे २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर दूरवरून गेला होता. जवळच्या स्थानकाला ‘बार्शी रोड’ असे नाव मिळाले. आजचे कुर्डुवाडी ते हेच. नावात ‘रोड’ आले की मूळ गाव लांब आहे हे प्रवाशाने समजून घ्यायचे, असा रेल्वेचा जुना रिवाज आहे.

बार्शी ही कापूस आणि धान्याची मोठी पेठ होती. पलीकडे निजामाच्या हैदराबाद संस्थानातला धाराशिव, लातूरचा भाग. तिकडचा माल बालाघाटाचा डोंगर उतरून बैलगाड्यांनी बार्शीला आणि तिथून बार्शी रोडला येई. पावसाळ्यात काळ्या मातीच्या वाटा बंद पडत. माल वेळेत स्थानकावर पोहोचला नाही तर भाव हातचा जाई.

मोठ्या मार्गांना माल आणून देणाऱ्या स्वस्त फाट्यांखेरीज भारतातल्या अंतर्गत भागाचा व्यापार वाढणार नाही, असे कॅलथ्रॉप यांचे मत बनले. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी अशा मार्गांची पाहणी केली आणि बार्शीचा प्रस्ताव पुढे केला.

मात्र मंजुरीला वेळ लागला. गेज कोणते ठेवायचे, पैसा कोणी घालायचा, यावर सरकारी पातळीवर खल सुरू राहिला. दरम्यान कॅलथ्रॉप नोकरी सोडून इंग्लंडला परतले आणि सल्लागार इंजिनीअर म्हणून काम करू लागले. अखेर १८९५ मध्ये २ फूट ६ इंच गेजला मान्यता मिळाली, लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली आणि कॅलथ्रॉप तिचे सल्लागार इंजिनीअर झाले.

त्यांच्या रेल्वेत नवे काय होते?

लहान गेजच्या रेल्वे त्याआधीही होत्या. पण बहुतेक ठिकाणी मोठ्या रेल्वेची छोटी नक्कल करण्याकडे कल असे. कॅलथ्रॉप यांनी हिशेब उलट्या बाजूने मांडला. आधी रूळ किती हलका चालेल ते ठरवायचे आणि मग त्या रुळाला पेलेल अशीच गाडी बांधायची.

रेल्वेचा मोठा खर्च रूळ, पूल आणि भराव यांवर होतो. हे सगळे किती भक्कम हवे, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. चाकांच्या एका जोडीवर, म्हणजे एका अ‍ॅक्सलवर किती भार येतो, यावर ते ठरते. कॅलथ्रॉप यांनी ही मर्यादा ५ टनांवर बांधून टाकली. इंजिन असो, मालडबा असो की प्रवासी डबा, कोणत्याही अ‍ॅक्सलवर ५ टनांपेक्षा जास्त भार नको. त्यामुळे यार्डाला ३० पौंड वजनाचा हलका रूळ पुरेसा ठरला.

आता ५ टनांत ताकदवान इंजिन कसे बसवायचे? त्यावर उपाय होता वजन वाटून देण्याचा. लीड्सच्या किटसन कंपनीकडून बनवून घेतलेल्या इंजिनाला एकमेकांना जोडलेल्या चाकांच्या चार जोड्या होत्या आणि मागे आधाराला आणखी दोन. सहा अ‍ॅक्सल गुणिले ५ टन, म्हणजे इंजिन ३० टनांपर्यंत जड असू शकत होते. त्यातला २० टनांपर्यंतचा भार ओढणाऱ्या चाकांवर येई. चढावर चाके न घसरता रूळ पकडून राहण्यासाठी हा भार लागतोच.

डब्यांतही हेच सूत्र होते. लाकूड आणि जाड लोखंडाऐवजी दाबून घडवलेल्या पोलादी पत्र्याच्या चौकटी वापरल्या गेल्या. चौकट हलकी झाली तेवढा माल जास्त भरता आला. लांब डब्यांना दोन्ही टोकांना चार चाकांची बोगी दिल्याने ते वळणावरही सहज वळत.

ही इंजिने आणि डबे भारतात पाठवण्याआधी लीड्सजवळच्या न्यूले येथे मुद्दाम बांधलेल्या छोट्या मार्गावर त्यांची जाहीर चाचणी घेण्यात आली. ती पाहायला रेल्वे क्षेत्रातले तज्ज्ञ आले होते. एवढ्या अरुंद रुळावर एवढी मोठी गाडी चालू शकते, हे तिथे दिसले.

लातूरला गाडी कधी आली?

बार्शी रोड ते बार्शी हा पहिला टप्पा मार्च १८९७ मध्ये सुरू झाला. दख्खनसाठी तो दुष्काळाचा काळ होता. १९०६ मध्ये मार्गाला दोन्ही बाजूंनी फाटे फुटले. एका बाजूला पंढरपूर, दुसऱ्या बाजूला बालाघाट चढून येडशीमार्गे तडवळे. १९११ मध्ये गाडी लातूरला पोहोचली. पंढरपूर–मिरज हा शेवटचा टप्पा १९२७ मध्ये पूर्ण झाला. मिरज ते लातूर असा एकूण २०२ मैलांचा, म्हणजे सुमारे ३२५ किलोमीटरचा हा मार्ग झाला.

लातूरच्या बाजारपेठेला त्यामुळे मुंबईची वाट मोकळी झाली. कापूस, धान्य, तेलबिया रेल्वेने जाऊ लागल्या. पंढरपूरच्या वारीला जाणाऱ्यांसाठी तर ही गाडी घरचीच होऊन गेली.

नांदेडची कथा वेगळी आहे. तिथे हैदराबाद–गोदावरी व्हॅली रेल्वेचा सिकंदराबाद–मनमाड मार्ग १९०० च्या सुमारास आला, तो मीटरगेजचा. म्हणजे शेजारच्या दोन जिल्ह्यांत दोन वेगवेगळी गेज, आणि मुंबईकडचा मुख्य मार्ग तिसऱ्या, ब्रॉडगेजचा.

मग या रेल्वेची दुसरी बाजू काय?

स्वस्त रेल्वेची किंमत कुर्डुवाडीच्या फलाटावर मोजावी लागे. गेज बदलले की गाडी पुढे जाऊ शकत नाही. लातूरहून आलेले प्रत्येक पोते नॅरोगेजच्या डब्यातून उतरवून ब्रॉडगेजच्या डब्यात भरावे लागे. हमाली, वेळ आणि नासधूस या तिन्हींचा भार शेवटी शेतमालाच्या भावावर पडे.

कॅलथ्रॉप यांना ही अडचण माहीत होती. इंग्लंडमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या सुमारे १३ किलोमीटरच्या रेल्वेसाठी त्यांनी तोडगा काढला होता. तिथे मोठ्या गेजचा अख्खा मालडबा छोट्या गेजच्या खास वाहक डब्यावर चढवून पुढे नेला जाई. १९०४ मध्ये सुरू झालेल्या त्या रेल्वेची इंजिने बार्शीच्या अनुभवावर बेतलेली होती आणि त्यातल्या एकाला कॅलथ्रॉप यांचेच नाव दिले होते. पण मोटारींपुढे ती टिकली नाही. १९३४ मध्ये बंद पडली.

बार्शी लाइट मात्र चालत राहिली. १ जानेवारी १९५४ रोजी ती सरकारने ताब्यात घेतली आणि मध्य रेल्वेत आली. देशभर मोठी इंजिने आली, वेग वाढले, तरी लातूर छोट्या रुळावरच राहिले. मराठवाड्यात ब्रॉडगेजची मागणी हा विकासाच्या आंदोलनाचा भाग बनला. गोविंदभाई श्रॉफ यांच्या नेतृत्वाखालील मराठवाडा जनता विकास परिषदेने ती लावून धरली. मनमाड–औरंगाबाद मार्ग १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाला, पुढे नांदेडही त्यात आले. लातूर–कुर्डुवाडीला २००८ उजाडले. नवा मार्ग धाराशिव शहरातून वळवण्यात आला. जुन्या छोट्या रेल्वेने हे शहर बाजूला ठेवले होते.

गेजचा फरक किती मोठा, हे कधी कळले?

एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराचे पाणी संपले, तेव्हा मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. ‘जलदूत’ची पहिली गाडी १० टँकर डब्यांची होती. तिने सुमारे ५ लाख लिटर पाणी आणले. पुढे ५० डब्यांची गाडी एका खेपेत सुमारे २५ लाख लिटर आणू लागली.

मिरज, पंढरपूर, कुर्डुवाडी, बार्शी, लातूर. गावांची ही माळ कॅलथ्रॉप यांच्या रेल्वेचीच आहे. पण गाडी त्यांच्या रुळांवरून जाऊ शकली नसती. एका टँकरमध्ये ५० हजार लिटर, म्हणजे ५० टन पाणी. चार अ‍ॅक्सलवर वाटले तर नुसत्या पाण्याचाच भार प्रत्येकी साडेबारा टन होतो, टँकरचे वजन वेगळे. बार्शी लाइटची मर्यादा होती ५ टन. गेज रूपांतर आठ-दहा वर्षे आणखी रखडले असते, तर त्या उन्हाळ्यात लातूरला एवढे पाणी रेल्वेने येणे शक्य नव्हते.

रेल्वेचा माणूस हवाई छत्रीकडे कसा वळला?

१२ जुलै १९१० रोजी इंग्लंडमधील बोर्नमथ येथे विमानाच्या प्रात्यक्षिकात चार्ल्स रोल्स यांचा मृत्यू झाला. रोल्स-रॉइस कंपनीच्या संस्थापकांपैकी ते एक आणि कॅलथ्रॉप यांचे मित्र. हा अपघात कॅलथ्रॉप यांना चटका लावून गेला. विमान बिघडले तर वैमानिकाला सुटकेचा मार्ग हवा, या विचाराने त्यांनी पंचावन्नाव्या वर्षाच्या आसपास एका नव्याच क्षेत्रात उडी घेतली.

त्यांनी बनवलेल्या छत्रीचे नाव ‘गार्डियन एंजल’, म्हणजे रक्षक देवदूत. रेशमी छत्री एका डब्यात घडी करून विमानाला बांधलेली असे. वैमानिकाने उडी मारली की त्याच्याच वजनाने ती ओढली जाऊन उघडे. दोऱ्या एकमेकांत गुंतू नयेत म्हणून त्या ठरावीक क्रमाने सुटतील अशी रचना होती.

पहिले महायुद्ध सुरू असताना तिच्या चाचण्या झाल्या आणि त्या यशस्वीही झाल्या. नोव्हेंबर १९१७ मध्ये ऑर्ड-लीस या अधिकाऱ्याने ती घेऊन लंडनच्या टॉवर ब्रिजवरून थेम्स नदीत उडी मारली. दीडशे फुटांच्या आसपासची ती उंची हवाई छत्रीसाठी फारच कमी, तरीही छत्री उघडली. शत्रूच्या प्रदेशात हेर उतरवण्यासाठीही तिचा वापर झाला.

पण ब्रिटिश लढाऊ वैमानिकांना ती युद्धकाळात मिळाली नाही. छत्री जड आहे, विमानात जागा नाही, वेग कमी होईल, अशी कारणे दिली गेली. वैमानिक विमान वाचवण्याऐवजी लगेच उडी मारतील, ही भीतीही त्यामागे असल्याचे अनेक इतिहासकार मानतात. बलूनमधून टेहळणी करणाऱ्यांकडे मात्र छत्र्या होत्या. जर्मनीने १९१८ मध्ये आपल्या वैमानिकांना छत्र्या दिल्या. ब्रिटिश वैमानिक पेटत्या विमानासह खाली कोसळत राहिले.

अखेर कशी झाली?

युद्धानंतर अंगावर बांधायची आणि वैमानिकाने स्वतः दोरी ओढून उघडायची छत्री पुढे आली. १९२० च्या दशकात ब्रिटनच्या हवाई दलाने अमेरिकेची आयर्विन छत्री स्वीकारली. कॅलथ्रॉप यांची रचना मागे पडली.

हवाई छत्रीवर त्यांनी स्वतःचा मोठा पैसा घातला होता. त्यातून ते सावरले नाहीत आणि इसेक्समधील राहती मालमत्ता त्यांना विकावी लागली. त्यांना अरबी घोड्यांचाही नाद होता. घोड्याला मार न देता, विश्वासाने शिकवावे, या विचाराचे पुस्तक त्यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केले.

३० मार्च १९२७ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. वय ७० वर्षे. बार्शी लाइट मिरजेपर्यंत पोहोचली ते वर्षही हेच.

हरंगुळच्या कारखान्याशी याचा संबंध काय?

थेट संबंध नाही. पण तत्त्व ओळखीचे आहे. ‘वंदे भारत’ला वेगळे इंजिन नसते. गाडीतल्या निम्म्या अ‍ॅक्सलना विजेच्या मोटारी जोडलेल्या असतात. एकाच जड इंजिनाने सगळी गाडी ओढण्याऐवजी ओढण्याचे काम अनेक चाकांत वाटले जाते. त्यामुळे गाडी लवकर वेग घेते आणि रुळावरचा ताणही एका ठिकाणी येत नाही. कॅलथ्रॉप यांनी वाफेच्या काळात वजन वाटले, आता ताकद वाटली जाते.

हरंगुळच्या कारखान्याची पायाभरणी २०१८ मध्ये झाली. डिसेंबर २०२० मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. त्यानंतर २०२३ मध्ये रेल विकास निगम आणि रशियाच्या कंपनीच्या संयुक्त उपक्रमाशी १६ डब्यांच्या १२० शयनयान गाड्यांचा करार झाला. पुढे २४ डब्यांच्या ८० गाड्यांचा पर्याय आला. दोन्ही हिशेबांत डबे १,९२० च होतात. पण लांब गाडीसाठी स्वच्छतागृहे, खानपानाची जागा आणि आतली मांडणी बदलावी लागते. आराखड्यावरच्या या चर्चेत वेळ गेला.

लातूरने यातून काय घ्यावे?

बार्शी लाइटचा इतिहास दोन्ही बाजूंनी बोलतो. मोठी रेल्वे परवडत नाही म्हणून थांबून राहिले असते, तर लातूरला १९११ मध्ये गाडी मिळालीच नसती. जागेची गरज आणि खिशातला पैसा पाहून बांधलेले यंत्र तेव्हा उपयोगी पडले.

पण तात्पुरती सोय म्हणून स्वीकारलेले तंत्र वेळेवर बदलले नाही, तर तेच बेडी बनते. लातूरने छोट्या रुळावर सुमारे ९७ वर्षे काढली. त्यातला दोष कॅलथ्रॉप यांच्या आराखड्याचा कमी आणि तो बदलायला लावलेल्या उशिराचा जास्त.

म्हणून हरंगुळच्या गाडीचे नाक कसे असेल, रंग कोणता असेल यापेक्षा काही साधे प्रश्न महत्त्वाचे ठरतात. कारखान्यातले कुशल काम स्थानिक मुलांना मिळेल का? इथे बनणारी गाडी इथल्या रुळावर पूर्ण वेगाने धावेल का? एकेरी मार्गांचे दुहेरीकरण कधी होईल? १८९७ मध्ये कॅलथ्रॉप यांनी आधी रूळ पाहिला आणि मग गाडी बनवली. लातूरच्या आजच्या चर्चेत गाडी पुष्कळ आहे, रुळाचा विषय मात्र अजून मागेच आहे.